दिवे लागतात, पण मोटार सुरू होत नाहीं

पावसाळ्याच्या दिवसांत मुंबईंत किंवा कोंकणकिनाऱ्यावरील गांवांत हा प्रसंग अनेक कुटुंबांच्या ओळखीचा असतो. सकाळीं मोटारीची किल्ली फिरवावी, तर दिवे लागतात, भोंगाहि वाजतो. इंजिन मात्र हालत नाहीं, नुसता ‘टक्’ असा आवाज होतो. घरांतील वृद्धाला दवाखान्यांत न्यावयाचें असलें, तर अशा वेळीं साऱ्यांचाच जीव टांगणीला लागतो. मग शेजारी सांगतात, बॅटरी गेली, नवी घ्या. गृहस्थ हजारों रुपये खर्चून नवी बॅटरी बसवितात आणि कधीं कधीं थोड्याच दिवसांनीं तोच ‘टक्’ पुन्हां ऐकूं येतो.

याचें कारण समजण्यास ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम पुरेसा आहे. वाटेंतील अडथळा आणि प्रवाह हीं जितकीं मोठीं, तितका विजेचा दाब वाटेंतच खर्च होतो. दमट खाऱ्या हवेनें व आम्लाच्या वाफेनें बॅटरीच्या टर्मिनलावर पांढरट-हिरवी भुकटी जमते. तिचा अडथळा एका ओहमचा पन्नासावा भाग आहे असें समजूं. दिव्यांना १० अँपिअर प्रवाह लागला, तर दाबांत अवघी ०.२ व्होल्टची घट होते; दिवे पूर्ववत् उजळतात. परंतु स्टार्टरनें २०० अँपिअर ओढूं म्हटलें, तर तेथेंच ४ व्होल्ट खर्चीं पडतात. बारांतले चार वाटेंतच गेल्यावर इंजिन फिरणार कशाच्या बळावर? दिवे लागतात म्हणून जोडण्या निर्दोष, असें अनुमान म्हणूनच काढतां येत नाहीं.

परीक्षेसाठीं एक साधा मल्टिमीटर पुरे. मोटार कांहीं तास उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब पाहावा. १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली. १२ किंवा कमी म्हणजे जवळजवळ रिकामी, तेव्हां तिला प्रथम चार्ज करावें. नंतर हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून दुसऱ्या कोणास किल्ली फिरविण्यास सांगावें. हात व पदर पंख्यापासून दूर असावेत. त्याच क्षणीं मल्टिमीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टर्मिनलावर व दुसरें इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावें. आंकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष त्या वाटेंत आहे. धन टर्मिनल व त्यावरील क्लॅम्प यांमध्येंहि असेंच मोजावें. तेथें आंकडा शून्याजवळच हवा. दोन्हीकडे ठीक असूनहि दाब १० व्होल्टच्या बराच खालीं कोसळला, तरच बॅटरीचा संशय बळावतो. दाबहि टिकला, तर स्टार्टर व त्याचा रिले ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा.

सफाई करतांना इंजिन बंद असावें व ऋण क्लॅम्प आधीं काढावा. धन आधीं काढूं गेल्यास पाना मोटारीच्या पत्र्याला लागून मोठी ठिणगी उडूं शकते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही असतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें भुकटी धुवावी, मात्र तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. टर्मिनल पॉलिशकागदानें घासून कोरडें करावें. मग धन आधीं व ऋण शेवटीं घट्ट बसवावा आणि वरून व्हॅसलीन लावावें. हायब्रिड किंवा विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी वायरींना हात लावूं नये. तेथील दाब प्राणघातक असतो.

फ्यूज उडाल्यास त्याच्या जागीं तार किंवा अधिक अँपिअरचा फ्यूज घालणें हा मात्र उपाय नव्हे. फ्यूज वितळून वायरींना आगीपासून वांचवितो. त्याला हटविलें, तर पुढच्या वेळीं वायरच पेटेल.

ही सारी तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती सुट्टीच्या दिवशीं, पावसाळा लागण्यापूर्वींच उरकली, तर आजाऱ्याला घेऊन निघण्याच्या वेळीं मोटार दाराशीं अडून राहण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.