सामान मोजावें हातांनीं

८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें. आज तोच प्रवास वाटेंत कोठेंही न थांबतां सुमारें दहा तासांत होतो. परंतु लहान मुलांसह निघालेल्या आईबापांची धांदल कांहीं सरलेली नाहीं. आपण सामान किलोंत मोजतों. तें हातांनीं मोजावयास हवें. आईबापांचे हात चार. दोन मुलें बरोबर असलीं, कीं त्यांतले दोन त्यांचे, उरतात दोनच! तेवढ्यांना पेलेल तेंच घ्यावें.

मोठ्या पेट्या विमानाच्या पोटांत जातात. वाटेंत उपयोगी पडते ती जवळची पिशवी. तींत प्रत्येकाचें पारपत्र (तान्ह्याचेंसुद्धां), औषधें, कपड्यांचा जोड व खाऊ असावा.

विमान उतरूं लागलें, कीं आंतील हवेचा दाब वाढतो, कानाच्या पडद्यावर ताण येतो आणि मूल कळवळतें. गिळल्यानें कानाची आंतली नळी उघडते; म्हणून त्या वेळीं झोपलेल्यालाही जागें करावें, तान्ह्याला पाजावें, मोठ्याला घोट घोट पाणी द्यावें. त्या घटकेला आईचे हात मोकळे हवेत. लोणच्याची एक बरणी कमी नेल्यानें माहेरची माया उणी होत नाहीं.