ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी

चित्रदुर्ग जिल्ह्यातील मोळकाल्मुरूजवळच्या ब्रह्मगिरीस आपण गेलो होतो, ते अशोकाचा शिलालेख पाहावयास. तेथेच १९४७ मध्ये व्हीलर यांनी उत्खनन केले. नवाश्मयुगीन लोक दगावलेली तान्ही मुले मडक्यात घालून वस्तीतच पुरीत, हे मी सांगितले. घोड नदीकाठच्या इनामगावीही, नंतरच्या ताम्रपाषाणयुगात, घरांच्या जमिनीखाली अशीच मडकी सापडली आहेत.

"बाई, दूर का नाही नेले?" सातवीतील एका मुलीने विचारले.

आपल्याकडेही तान्ह्याला अग्नी देत नाहीत. माझे पहिले बाळ पाच दिवसांचे होते. त्याला कोठे पुरले, हे मला कोणी दाखविले नाही.

"आईला जवळ हवे असेल," एवढेच मी म्हणाले. मग भुईमुगाच्या शेतांच्या बांधाने आपण सारे निमूट परतलो.