जंताची गोळी घेतली, तरी आव का पडते?

तायांनो, राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती जरूर द्या. पण ती जंतांवरची आहे. आव पाडणारा अमिबा हा जंत नव्हे. डोळ्यांना न दिसणारा जीव आहे. या गोळीने तो मरत नाही. तो दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातो आणि मोठ्या आतड्याला जखमा करतो. मग मुरडा, आव, रक्त.

आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहण्याचा वेगळा आजारही असतो, त्याला कोलायटिस म्हणतात. लक्षणं अगदी अशीच! त्यावर बऱ्याचदा स्टिरॉइड देतात. पण आत अमिबा असेल, तर स्टिरॉइडने तो भडकतो, आतड्याला भोकसुद्धा पडू शकतं. म्हणून आधी शौचाची तपासणी.

आपण बाया घरातल्या सगळ्यांचं बघतो, स्वतःचं मात्र अंगावर काढतो. शौचाला रक्त दिसलं तर लाजू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, "माझी शौचाची तपासणी करायची का?" औषध दिलं तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करताना शेजारच्या ताईला एवढं विचारा, "पोट बरं आहे ना?"