ऐंशी अंशांतही जोमात

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की आपण कासावीस होतो. पण इटलीतल्या व्हल्कानो बेटाजवळ, तप्त समुद्रतळात सापडलेला ‘थर्मोटोगा मारिटिमा’ हा जिवाणू ८० अंशांत सर्वांत जोमानं वाढतो! त्याची नोंद १९८६ची. ऑक्सिजन त्याला सोसत नाही, म्हणून हवाबंद टाकीत खारं, गरम पाणी आणि साखर देऊन त्याला वाढवतात. तो हायड्रोजन सोडतो. हा वायू साचला की त्याचीच वाढ खुंटते, म्हणून नायट्रोजन सोडून वायू बाहेर काढावा लागतो. मिठानं पोलाद गंजतं, ही मोठी अडचण. मात्र इतक्या उष्णतेत नेहमीचे जंतू वाढत नाहीत, आणि उष्णतेत न बिघडणारी विकरं मिळतात. चोपडा तालुक्यातल्या आपल्या उनपदेवच्या गरम झऱ्याकडेही अभ्यासू तरुणांनी याच नजरेनं पाहावं, असं मला मनापासून वाटतं.