सेवापुस्तकावरील देखरेख
(कोकण भवन, नवी मुंबई येथे आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



कार्यालयीन देखरेखीचा विषय निघाला की आपण बहुधा रोकडवही, साठा नोंदवही आणि प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा यांविषयी बोलतो. ते योग्यच आहे. महाराष्ट्र कोषागार नियम, 1968 अन्वये कार्यालयप्रमुखाने रोकडवहीतील नोंदी साक्षांकित करावयाच्या असतात आणि महिनाअखेरीस शिल्लक पडताळून तसे प्रमाणित करावयाचे असते. रोकडीत पाच रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत रोखपाल घरी जात नाही. परंतु त्याच कार्यालयाच्या कपाटात आणखी एक वही असते आणि तिच्यातील चूक वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही. ही वही म्हणजे कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक.

याच इमारतीत लेखा व कोषागारे विभागाचे वेतन पडताळणी पथक आहे. थेट सिंधुदुर्गापासूनची सेवापुस्तके तेथे येतात. अनेकदा ती येतात तेव्हा सेवानिवृत्तीला मोजकेच महिने उरलेले असतात. आता तर प्रकरणे ‘वेतनिका’ प्रणालीतून सादर होतात. मात्र, संगणक पान पुढे पाठवितो. ते आधी वाचण्याचे काम आपलेच आहे.

एका तालुका कार्यालयातील लिपिकाचे सेवापुस्तक मी पाहिले होते. 2006 पूर्वी केव्हातरी त्यांनी बिनपगारी रजा घेतली होती. त्यामुळे वेतनवाढीची तारीख पुढे जावयास हवी होती, ती गेली नाही. फरक किरकोळ होता. तथापि 1 जानेवारी 2006 ची वेतननिश्चिती त्याच आकड्यावर झाली आणि 1 जानेवारी 2016 ची पुन्हा त्यावरच. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता हे सारे त्या आकड्याबरोबर वाढत गेले. पानोपानी कार्यालयप्रमुखांच्या सह्या होत्या, निरनिराळ्या शाईच्या, निरनिराळ्या वळणाच्या. चूक उघडकीस आली तेव्हा त्या गृहस्थांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्यांनी मला एवढेच विचारले, “साहेब, हे पुस्तक माझ्याकडे कधी होतं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी अशा वसुलीला मर्यादा घातल्या. वर्ग तीन व वर्ग चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात निवृत्त होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल अशी प्रकरणे त्यांत येतात. कर्मचाऱ्याला दिलासा मिळाला, हे न्याय्यच झाले. पण म्हणून प्रश्न मिटला असे कोणी समजू नये. जी रक्कम वसूल होत नाही ती शासनाच्या तिजोरीतून गेलेलीच असते. शिवाय वेतन दुरुस्त होतेच, आणि ज्या आकड्यावर माणसाने मुलीच्या लग्नाचा, घराच्या हप्त्याचा हिशेब मांडला, त्याहून कमी आकड्यावर त्याचे निवृत्तिवेतन बसते. (उलट प्रकारही घडतो. कमी वेतन मिळालेला माणूस तक्रार करीत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसते.)

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 अन्वये निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार करण्याचे काम दोन वर्षे आधी सुरू करावयाचे असते. माझ्या मते तीही उशिराचीच वेळ आहे. वेतननिश्चिती झाली, पदोन्नती मिळाली, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ दिला, की त्याच वर्षी पडताळणी करून घ्यावी. सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी, आणि ती घेताना त्याला पाने उलटू द्यावीत. आस्थापना लिपिकाने बोट ठेवलेल्या जागी सही करून निघून जाणे म्हणजे पाहणे नव्हे. हे कर्मचाऱ्याला जितके लागू आहे तितकेच आपल्यालाही.

आपणा प्रत्येकास येताना एक सेवापुस्तक आणण्यास सांगितले होते. ते आता समोर घ्यावे. 1 जानेवारी 2006 च्या वेतननिश्चितीचे पान काढा आणि त्याआधीच्या रजेच्या नोंदी शोधा. तेथूनच सुरुवात करू.