आधी कागद, मग बयाणा



आपले वडनेर भोलजी महामार्गावरचे गाव. येथे कोणी विहिरीसाठी, कोणी लग्नकार्यासाठी वडिलोपार्जित घर विकायला काढतो. बयाणा घेतो, तो खर्चही होऊन जातो. अन् खरेदीच्या दिवशी कळते, की घरात बहिणीचाही हिस्सा आहे! मग सौदा अडतो आणि घरात भांडण शिरते. हे टाळायचे तर बयाण्याआधी एवढे कराच :

१) ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा घ्या. मात्र तो कर-आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका तयार झाली असल्यास तीही काढा. चतुःसीमा व क्षेत्र जागेवर ताडून पाहा.

२) वडील वारले असतील तर सर्व वारसांची नावे लावा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. लग्न झाले म्हणून तो जात नाही. आईलाही विसरू नका.

३) बहीण राजीखुशीने हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्या, तोंडी शब्द पुरत नाही. सोडत नसेल तर तिची रक्कम ठरवा आणि खरेदीखतावर तिचीही सही घ्या.

४) घरावर बँकेचे वा सोसायटीचे कर्ज असल्यास ते फेडून बेबाकी दाखला घ्या. घरपट्टी भरा.

नुसत्या स्टँपपेपरवर लिहून दिल्याने घर विकले जात नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते.

घर एकदाच विकले जाते. बहिणीचे माहेर मात्र टिकले पाहिजे.