वळणावर बाहेर झुका

ठाण्याच्या टिकुजिनीवाडीत किंवा दुसऱ्या कुठल्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवणार असाल, तर बाइकवरची आत झुकायची सवय विसरा. कार्टमध्ये वजन वळणाच्या बाहेरच्या बाजूला टाकायचं.

कारण साध्या कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा, नसते. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर, म्हणून सारख्याच वेगानं फिरतात. वळणात मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग चाकं घासतात, कार्ट सरळच जायला बघते आणि वेग मरतो. अशा वेळी आतलं मागचं चाक क्षणभर हलकं करायचं, जमलं तर उचलायचं. स्टिअरिंगची रचना ते काम बरंचसं करते, बाकीचं तुमचं शरीर. रेसिंगची कार्ट साधारण 80 किलोची, म्हणजे चालवणारा जवळपास तिच्याइतकाच जड!

ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. मग स्टिअरिंग वळवताना खांदे किंचित बाहेर, पाठ सीटला टेकलेली. भाड्याच्या कार्ट जड असतात, तिथे फरक कमी जाणवतो.

आणि हे कळकळीनं सांगतो: केस घट्ट बांधून हेल्मेटमध्ये घेतल्याशिवाय आणि ओढणी काढून ठेवल्याशिवाय सीटवर बसू नका. तो फिरणारा अ‍ॅक्सल तुमच्या पाठीमागे अगदी जवळ असतो.